नॅनो खत : विश्वासापूर्वी प्रचीती हवी

एका मिलिमीटरचे दहा लक्ष समान भाग कल्पावेत; त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. वीस ते पन्नास नॅनोमीटर आकाराचे कण असलेल्या नॅनो युरियास केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये खत नियंत्रण आदेश, 1985 अन्वये प्रथम तीन वर्षांकरिता मान्यता दिली. असे सूक्ष्म कण पानांच्या छिद्रांतून आत शिरतात व नत्र वाया जात नाही, असे प्रतिपादन केले जाते. युरियाच्या अतिवापराने जमीन व पाणी बिघडत असता असा प्रयत्न स्वागतार्हच होय. तथापि स्वागत करणे निराळे आणि डोळे मिटून स्वीकारणे निराळे.

साधा हिशेब करून पाहावा. पंचेचाळीस किलोच्या गोणीत शेकडा 46 प्रमाणे सुमारे 20.7 किलो नत्र असते. प्रथम मान्य झालेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत शेकडा 4 प्रमाणे ते अवघे 20 ग्रॅम भरते. एक बाटली एका गोणीचे काम करते, हे म्हणणे खरे ठरावयाचे तर कणांची कार्यक्षमता असामान्य असली पाहिजे. ती सिद्ध करण्याचा भार उत्पादकाने उचलावा. शेतकऱ्याच्या हंगामावर तो टाकू नये. पंजाब कृषि विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत युरियाची मात्रा घटवून ही फवारणी केली असता भात व गहू यांचे उत्पन्न घटले आणि धान्यातील प्रथिनेही कमी भरली.

नॅनो पदार्थांच्या तपासणीसाठी केंद्राने 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु मार्गदर्शन म्हणजे कायद्याचे बंधन नव्हे. युरोपात अन्नातील नॅनो घटकाचा उल्लेख वेष्टनावर करणे डिसेंबर 2014 पासून सक्तीचे आहे. आपल्याकडेही पिकविणाऱ्यास व खाणाऱ्यास तोच हक्क मिळावा, आणि प्रयोगांचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, मराठीत गावापर्यंत पोहोचावेत. गोणीबरोबर बाटली घेण्याची सक्ती कोणी करीत असेल, तर ती अन्यायाचीच होय.

कार्यकर्त्यांनी विक्रेत्याची भूमिका घेऊ नये. शेजारी शेजारी दोन गुंठे आखावेत. वाण, पाणी व पेरणीचा दिवस एकच ठेवावा. एकास शिफारशीप्रमाणे युरिया द्यावा, दुसऱ्यास वरखताऐवजी फवारणी करावी, व मळणीनंतर दोहोंचे धान्य शेतकऱ्यांसमक्ष तोलावे. तराजू सांगेल तेच गावास सांगावे.