दगडावर आकडा आहे, पण नावं कुठं आहेत? गावातल्या युद्धस्मारकांचं मोल काय?

चाकणहून शिक्रापूरला जाऊन नगर रस्त्यानं पुण्याकडे वळलं की भीमा ओलांडल्यावर पेरणे फाट्याला एक स्तंभ दिसतो. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईची आठवण म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं तो उभारला. दरवर्षी १ जानेवारीला इथं लाखो लोक येतात.

इंग्रजांच्या विजयाचा खांब लोकांचा कसा झाला? याचं मोठं कारण म्हणजे त्यावर कोरलेली नावं. कंपनीच्या ४९ मृत सैनिकांच्या यादीतली २२ नावं महार सैनिकांची असल्याचं मानलं जातं. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले आणि स्तंभाला नवा अर्थ मिळाला.

मग इतर गावांतल्या शिळांचं काय?

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारनं अनेक गावांत छोट्या शिळा बसवल्या. मजकूर साधारण एकाच साच्याचा: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नावं नाहीत.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान या युद्धात गेले. तिथं ब्रिटिशांनी स्मारक उभारलं आणि आज हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. गावानं आठवण जपली, म्हणून स्मारक जिवंत राहिलं.

नावं का नव्हती?

हा भेदभाव फक्त गावापुरता नव्हता. मराठा पलटणींचे अनेक सैनिक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. तिथल्या बसरा स्मारकावर ब्रिटिशांची नावं कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीनुसार फक्त संख्या लिहिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये या असमान वागणुकीची कबुली देऊन माफी मागितली.

म्हणूनच गावातली शिळा महत्त्वाची आहे. ती जिथं आहे तिथंच तिला अर्थ आहे. 'या गावातून' हे शब्द गोदामात पडलेल्या दगडावर काय सांगणार?

धोका कुठं आहे?

१९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. गाव शहरात गेलं की ग्रामपंचायत संपते. चावडी पडते, रस्ता रुंद होतो. चाकणच्या आसपासच्या गावांचा चेहराही कारखान्यांनी बदलला आहे. वेशीतला किंवा चावडीतला दगड कुणाचा, हा प्रश्न अशा वेळी कुणीच विचारत नाही.

कायदा मदत करतो का? १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांहून जुना शिलालेखही प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत बसतो. महायुद्धानंतर लगेच बसवलेल्या शिळांनी शंभरी पार केली आहे. पण वय झालं म्हणून संरक्षण आपोआप मिळत नाही, त्यासाठी सरकारनं अधिसूचना काढावी लागते.

'ते तर इंग्रजांसाठी लढले!'

हा आक्षेप नेहमी येतो. पण स्मारक जपणं म्हणजे साम्राज्याचा जयजयकार नव्हे. गावातली तरणी माणसं परक्या देशात मेली, याचा गावातला तो एकमेव लेखी पुरावा असू शकतो.

आपण काय करू शकतो?

शिळा दिसली तर अक्षरं वाचता येतील असा फोटो काढा, जागा नोंदवा. तेलरंग फासू नका. ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या, शहरात असाल तर महापालिकेच्या वारसा यादीसाठी अर्ज द्या. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांच्या नोंदी शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचं आणि गावाचं नाव असतं. स्पेलिंग जुनं असेल, दोन-तीन प्रकारे शोधा.

नावं सापडली तर शिळेला हात न लावता शेजारी नवा फलक लावा. आकड्यामागची माणसं निदान त्यांच्याच गावात तरी ओळखीची होतील.