आसनावरून उठल्यानंतरचे ध्यान

गोष्ट 1955 सालची. ब्रह्मदेशातले तरुण उद्योजक सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने बेजार झाले होते. दुखणे इतके तीव्र की मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे, आणि आता त्याचीच सवय लागण्याची भीती होती. एका मित्राच्या सांगण्यावरून ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकायला गेले. डोकेदुखी जावी एवढ्यासाठीच हा गृहस्थ आला आहे हे कळताच ऊ बा खिन यांनी शिकवायला नकार दिला. मनाचे विकार धुवायचे असतील तर जरूर या, दुखणे त्या ओघात जायचे असेल तर जाईल, असे त्यांचे म्हणणे. गोएंकांनी ते मानले. पुढे 1969 मध्ये विपश्यनेची हीच विद्या घेऊन ते भारतात आले.

त्या नकाराची आज आठवण करून देण्याची गरज आहे. ताण घालवा, झोप सुधारा, कामातली एकाग्रता वाढवा, अशा आश्वासनांवर सध्या ध्यान विकले जाते. मोबाइलवर त्याची अ‍ॅप आहेत, कंपन्यांमध्ये कार्यशाळा आहेत. त्यातून दिलासा मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याचा अनेकांना उपयोग झाला. पण बुद्धाच्या शिकवणीतून फक्त श्वास उचलायचा आणि शील (शुद्ध वागणूक) व मैत्री (सगळ्यांविषयी सद्भावना) मागे ठेवायची, हा व्यवहार अपुरा आहे.

इगतपुरीच्या धम्मगिरी या गोएंकांच्या केंद्रातले दहा दिवसांचे शिबिर कसे बांधले आहे, ते पाहावे. डोळे मिटण्याआधी साधक पंचशील घेतो: हिंसा नाही, चोरी नाही, लैंगिक संबंध नाही, खोटे नाही, नशा नाही. मग मौन सुरू होते. पहाटे चार वाजता घंटा होते. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा पाहायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत उठणाऱ्या संवेदना बघायच्या. सुखद असेल तिला धरून ठेवायचे नाही, दुखरी असेल तिला झटकायचे नाही. शेवटाकडे मौन सुटते आणि मैत्रीभावना शिकवली जाते. आपल्याला मिळालेली शांतता सगळ्या प्राण्यांना मिळो, अशी मनोमन इच्छा करायची. सुरुवातीला वागणूक, शेवटी इतरांचे भले, आणि मधे मनाची मशागत.

रोजच्या घरात याचा उपयोग कसा होतो? घरकामाच्या मावशी अर्धा तास उशिरा येतात. ऑफिसची घाई असते. कानशिले तापतात, श्वास आखूड होतो, जिभेवर शब्द तयार असतात. ज्याला ही कानशिलांची धग वेळेवर कळते, त्याच्या हाती एक-दोन क्षण लागतात. तेवढ्यात तो विचारू शकतो, ‘मावशी, आज उशीर झाला, घरी सगळं ठीक आहे ना?’ कदाचित कळेल की वस्तीतला नळ आज उशिरा आला.

मात्र राग ओळखता आला म्हणजे माणूस दयाळू झाला, असे नाही. अगदी शांत डोक्याने, आवाज न चढवता, त्याच मावशींचा अर्ध्या दिवसाचा पगार कापणारे लोकही असतात. सजगता त्यांना तिथे अडवत नाही. अडवते ती मैत्री, आणि तिचाही सराव करावा लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच बाजू ठामपणे मांडली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये पंचशीलाचे पालन आहे आणि प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात धम्माच्या केंद्रस्थानी माणसामाणसांतले नाते आहे. ज्या समाजात शेजाऱ्याला पाणी नाकारले जात होते, तिथे एकट्याच्या मनःशांतीने काय साधणार होते?

आणि समाजात, जबाबदारीच्या पदावर राहूनही ध्यान करता येते; ऊ बा खिन स्वतः संसारी होते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते महालेखापाल होते आणि सरकारी नोकरी करतच ध्यान शिकवत होते. हीच साधना पुढे तुरुंगातही पोचली: दिल्लीच्या तिहार तुरुंगात तुरुंग महानिरीक्षक किरण बेदी यांच्या कारकिर्दीत, एप्रिल 1994 मध्ये, हजाराहून अधिक कैदी एकत्र शिबिराला बसले. तिथे कैद्यांबरोबर तुरुंगाच्या काही कर्मचाऱ्यांनीही ही साधना केली होती. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनीही आसनावर बसायला हवे, हा त्यातला मोलाचा भाग.

महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र’ उपक्रमातून आनापानसती, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देण्याची साधना, शाळांमध्ये नेली. ती चालू राहावी, पण श्वासानंतरची दोन मिनिटे मैत्रीभावनेला द्यावीत आणि शिक्षकांनीही मुलांबरोबर डोळे मिटावेत. कार्यशाळा घेणाऱ्या कंपन्यांनी पहिल्या रांगेत वरिष्ठांना बसवावे. सफाई कामगार आणि सुरक्षारक्षकांनाही त्याच सभागृहात, त्याच वेळी, पगार न कापता जागा द्यावी. आणि महिन्याभराने ताण किती उतरला हे विचारताना, साहेबांचे बोलणे बदलले का, हेही या कामगारांना विचारावे.