वाटा समाजाचा की पुढाऱ्यांचा?

भिन्न धर्माच्या, भिन्न भाषेच्या सर्व समाजांना सत्तेत वाटा मिळावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. हा वाटा समाजाच्या पदरात पडतो, की समाजाच्या नावाने पुढारीपण करणाऱ्या चार घराण्यांच्या?

लेबनॉनचे उदाहरण पाहा. तेथे 18 पंथांना अधिकृत मान्यता आहे. 1943 च्या अलिखित कराराने राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी व सभापती शिया, अशी वाटणी रूढ झाली. संसदेत ख्रिस्ती व मुस्लिम यांचे प्रमाण 6 ला 5 ठरले. आधार 1932 च्या जनगणनेचा. त्यानंतर तेथे अधिकृत जनगणनाच झालेली नाही! जुन्याच ताळेबंदावर दरवर्षी लाभांश वाटावा, तसा हा प्रकार.

1975 ते 1990 यादवी युद्ध झाले. 1989 च्या ताइफ कराराने प्रमाण निम्मे-निम्मे केले. त्यामुळे रक्तपात थांबण्यास मदत झाली, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्याच करारात पंथनिहाय राजकारण टप्प्याटप्प्याने संपवण्याचे वचन होते. ते कागदावरच राहिले. उलट 1991 च्या माफीच्या कायद्यानंतर सशस्त्र टोळ्यांचे कित्येक म्होरके मंत्री झाले. मग रुग्णालयातील खाट असो वा सरकारी नोकरी, आपल्या पंथाच्या पुढाऱ्याची चिठ्ठी हवी!

2019 च्या अखेरीस बँकांनी खातेदारांचे डॉलर अडकवले. आयुष्यभराची पुंजी गोठली. त्याआधीच, ऑक्टोबरात, सर्व पंथांचे लोक एकत्र रस्त्यावर आले होते. ‘सगळे म्हणजे सगळेच’ जा, ही त्यांची घोषणा होती. पंथाच्या नावाने मते मागणारे पुढारी सामान्य ठेवीदाराच्या कामी आले नाहीत, हे लोकांना कळून चुकले होते.

आपण भाषिक अल्पसंख्य आहोत. आपली स्थिती लेबनॉनसारखी नाही, पण धडा उपयोगी आहे. ‘मराठी माणसाला तिकीट द्या’ ही मागणी रास्तच. मात्र तिकीट मिळाल्यावर हिशेबही मागायला हवा. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे घटनेचे कलम 350-अ सांगते. आपल्या प्रतिनिधीने त्यासाठी काय केले? किती मराठी शाळा टिकवल्या, किती शिक्षक नेमून घेतले? आडनाव मराठी आहे, एवढ्यावर मत देणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करणे होय.