कण्यांतील शेष

आमच्या एका बालमित्रांस दोन वर्षांपूर्वीं माकडहाडाशीं दुखूं लागलें. तेव्हां त्यांचें वय ६७. घरांत बारा माणसें. कोणी उतारवयास दोष दिला, कोणी मूळव्याध म्हटली, आणि आम्हीं स्वतः निर्गुडीच्या तेलाची शिफारस केली. बसवेना, रात्रीं झोप लागेना, मलावरोध वाढला. तरी दीड वर्ष शेकण्यांत गेलें. अखेर एम्. आर्. आय्. झाला, तेव्हां त्रिकास्थींत ‘कॉर्डोमा’ नांवाचें अर्बुद निघालें.

गर्भावस्थेंत कण्याच्या जागीं प्रथम पृष्ठरज्जु नांवाची एक मऊ दोरी असते. मणके घडतांना ती लोपते. पण तिचे कांहीं कण मागें राहतात. बहुतेकांस त्यांचा उपद्रव होत नाहीं. वर्षाकांठीं दहा लाखांत सुमारें एकास मात्र त्यांतून हा कर्करोग उद्भवतो. जर्मन पंडित फिर्खो यांनीं १८५७ सालीं त्यांतील बुडबुड्यांसारख्या पेशींचें वर्णन केलें. तो बहुधा त्रिकास्थींत किंवा कवटीच्या तळाशीं होतो. मधल्या मणक्यांत कमी.

त्याची चाल मंद असते, म्हणूनच तो फसवतो. प्रथम तो शेजारचें हाड पोखरतो, मज्जातंतू दाबतो. पुढें कांहींजणांत फुप्फुसें, यकृत व इतर हाडें यांतही पोंचतो. नेहमींच्या कर्करोगाच्या औषधांस तो फारसा दाद देत नाहीं. गांठ न फोडतां, भोंवतालच्या निरोगी भागासह एकसंध काढणें हाच मुख्य उपाय. तपासणीचा तुकडा घेण्याची सुईदेखील पुढें शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या सल्ल्यानेंच घालावी. कारण तिच्या वाटेनें पेशी सांडूं शकतात. शस्त्रक्रियेस जोड म्हणून प्रोटॉन किरणांचा उपचार चेन्नईंत २०१९ पासून आहे. आतां खारघर येथें टाटा स्मारक केंद्रांतही तो मिळतो. अर्बुदाचा अंश शेष ठेवल्यास तें पुन्हां वाढून अग्नीप्रमाणें घात करतें, असें सुश्रुताचार्यांनींही बजावून ठेविलें आहे.

आमच्या मित्रांची गांठ संपूर्ण निघाली. पण तिनें वेढलेले मज्जातंतूही द्यावे लागले, आणि मलमूत्रावरील ताबा गेला. गांठ लहान असतां निघती, तर कदाचित् कांहीं वांचतें. त्या दीड वर्षांत आमचें तेलही आहे, हें आम्ही विसरूं शकत नाहीं.

म्हणून विनंती इतकीच कीं, वडीलधाऱ्यांच्या कण्याचें दुखणें विश्रांतीनेंही न थांबतां रात्रीं वाढत असेल, किंवा मलमूत्राची तक्रार सोबत असेल, तर त्यांस तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. बहुधा साधेंच कारण निघेल, निघूं द्यावें. तेलाची बाटली मागाहूनही उघडतां येते.