आमच्या श्वासाला तुमचा तराजू?

एका संपादकानं माझी कविता परत पाठवली. वर शेरा : 'लय नाही.' साहेब, मी गोदीत हमाली करतो. चौघांनी मिळून माल ढकलताना एकाचा श्वास चुकला की दुसऱ्याचं बोट जातं. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. लय मला शिकवू नका.

दोस्तहो, यांची लय म्हणजे शार्दूलविक्रीडित. १९ अक्षरं, म स ज स त त ग, बाराव्या अक्षरावर यती. माप पक्कं आहे, नाकारत नाही. पण हा तराजू संस्कृतचा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. लघूला गुरू व्हायचं तर पुढून जोडाक्षराचा धक्का लागतो! आणि मात्रांवर बांधलेल्या पद्याला वृत्तशास्त्रात नाव काय? 'जाती'! च्यायला, इथंही!

आता दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी बघा. १९९६ च्या घटनेनुसार ती तिथली एक राजभाषा आहे. तिच्यात शब्दाचा अर्थ ऱ्हस्व-दीर्घानं नाही, सुराच्या चढउतारानं बदलतो. मग लघू-गुरू तिथं काय तोलणार? त्यांची स्तुतिकाव्यं, 'दिरेतो', श्वासावर ओळ तोडतात, तोच शब्द फिरवून पुढच्या ओळीत उचलतात. ती काय बेताल? इंग्रजी आघात मोजते, जपानी हायकू ५-७-५ मोजतो. जशी जीभ, तसं माप.

लांब कशाला? आपला अभंग घ्या. ६-६-६-४. अक्षरं मोजायची, तोलायची नाहीत. लघू असो, गुरू असो, एक अक्षर म्हणजे एक. १४व्या शतकात देवळाबाहेर ठेवलेल्या चोखामेळ्यानं हेच माप उचललं. उगाच नाही.

आमच्या बिरसीत माय रोवणीला जायची. चिखलात कंबर वाकवून गाताना ओळ लांबत नाही, श्वासच पुरत नाही. एक बाई ओळ टाकायची, बाकीच्या झेलायच्या. त्या मापाला कुठल्या पुस्तकात नाव आहे?

पण पोरांनो, तुम्हालाही सांगतो. वाक्य तोडून एकाखाली एक लिहिलं म्हणजे मुक्तछंद होत नाही. मुक्त म्हणजे मोकाट नव्हे. दुसऱ्याचं माप फेकलंत, तर स्वतःचं घडवा. कविता मोठ्यानं वाचा. जिथं दम लागतो तिथंच ओळ तोडा.

तीच कविता मी पुन्हा पाठवतोय. एक अक्षरही न बदलता. या वेळी संपादकसाहेबांनी ती उभं राहून, मोठ्यानं वाचावी.