चाल नव्हे, चालढकल

आमच्या लहानपणी प्रत्येक आळीत एक तरी असा भिडू असायचाच. त्याची फलंदाजी मनसोक्त करून व्हायची आणि गोलंदाजीची वेळ आली की आईची हाक नेमकी त्यालाच ऐकू यायची. लपाछपीत राज्य आलं की त्याचा पाय मुरगळायचा. बॅट त्याची असेल तर विचारूच नका, ती काखेत मारून स्वारी घरी! अशा भिडूला आम्ही 'चिडका बिब्बा' म्हणायचो. त्याच्या खेळाला नाव होतं 'रडीचा डाव'. आणि उद्या याला खेळायला घ्यायचं की नाही, यावर ओट्यावर बसून गंभीर चर्चा व्हायची.

हा चिडका बिब्बा आता मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो.

२०२० च्या टाळेबंदीत मुलं घरात अडकली आणि घरोघरी ऑनलाइन बुद्धिबळ शिरलं. चेस डॉट कॉम आणि लीचेस ही नावं तालुक्याच्या गावातल्या मुलांनाही पाठ झाली. मला ही गोष्ट मनापासून आवडली. गावात क्लब नाही, शिकवणारं कुणी नाही, स्पर्धेला जायचं तर एसटीचा प्रवास आणि सोबत कोण येणार हा प्रश्न. अशा ठिकाणच्या मुलीला घरबसल्या आपल्या तोडीचा जोडीदार मिळतो, ही काही थोडी गोष्ट नाही. पण ज्यांच्या घरात हा खेळ चालतो त्यांना त्यातला एक त्रासही ठाऊक असेल.

दोघांना प्रत्येकी दहा मिनिटं मिळतात. आपली चाल असते तेव्हा आपलं घड्याळ चालतं. समजा समोरच्याचा वजीर गेला, डाव हातचा गेला. त्यानं काय करावं? 'डाव सोडतो' असं सांगणारं बटण तिथेच असतं. ते दाबायचं, किंवा खेळत राहायचं. पण तो दोन्ही करत नाही. घड्याळात सहा मिनिटं शिल्लक असतात, तो नुसता गप्प बसतो. किंवा फोन ठेवून चहा प्यायला जातो. इकडे जिंकत आलेली मुलगी पडद्याकडे डोळे लावून बसलेली. उठून जायची सोय नाही, कारण काहीजण भारी चलाख! शेवटचे दहा सेकंद उरले की अचानक येऊन चाल करतात. समोरची कंटाळून उठली असेल, तिचं घड्याळ संपेल आणि हरलेला डाव फुकटात पदरात पडेल, हा हिशेब. कुणी एकामागून एक बरोबरीचे प्रस्ताव पाठवत राहतं. कुणी गप्पांच्या चौकटीत शिव्या लिहितं, आणि समोर मुलगी आहे असं कळलं तर त्या शिव्यांचा रंग बदलतो, हे मी वेगळं सांगायला नको.

सहा मिनिटांचं काय एवढं, असं कुणाला वाटेल. आमच्या महिला मंडळाच्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या काही मुली बुद्धिबळ खेळतात. फोन एकच, प्रत्येकीला अर्धा तास. घरी आईचा फोन मिळाला तर तोही स्वयंपाक होईपर्यंतच. परवा एकीचा डाव असाच अडकला. मागे दुसरी नंबर लावून उभी. ही मला म्हणाली, "काकू, हरलाय तो आणि अडकून मी बसलेय." त्या पोरीच्या अर्ध्या तासातली सहा मिनिटं एका अनोळखी माणसानं काहीही न करता काढून घेतली होती. ज्याच्याकडे स्वतःचा फोन आणि अख्खी संध्याकाळ आहे, त्याला त्या सहा मिनिटांची किंमत कळणार नाही. बाईमाणसाला मात्र ती लगेच कळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज व्हायचा. हरत असताना खेळत राहणं म्हणजे रडीचा डाव नव्हे. वजीर गेला तरी झुंजावं. समोरचा गाफील राहिला आणि आपल्या राजाला शह नसताना आपल्याला एकही चाल उरली नाही, तर नियमानं डाव बरोबरीत सुटतो. असे किती तरी गेलेले डाव चिवट खेळाडूंनी वाचवलेत. तसंच अवघड जागी पाच मिनिटं डोकं धरून विचार करणं हाही खेळच आहे. फरक एवढाच, की विचार करणारा चाल शोधत असतो. न खेळता वेळ काढणारा चाल करत नाही, तो चालढकल करतो.

'वेळ माझा आहे, मी हवा तसा वापरीन,' असा एक युक्तिवाद ऐकू येतो. वरवर खरा वाटतो. पण मुळात घड्याळ या खेळात आलं कशासाठी? १८५१ साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, तेव्हा वेळेची मर्यादाच नव्हती. एलायजा विल्यम्स नावाचे एक खेळाडू इतके संथ खेळत की त्यांच्याबद्दलच्या तक्रारी इतिहासात नोंदल्या गेल्या. या रेंगाळण्यावर उपाय म्हणून १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं वापरली गेली आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचं जोडघड्याळ आलं. म्हणजे कुणी कुणाला ताटकळत ठेवू नये म्हणून घड्याळ आलं. आज तेच घड्याळ ताटकळत ठेवायच्या कामी येतंय! वेळ आपल्याला विचार करण्यासाठी दिलेला असतो. समोरच्याला शिक्षा करण्यासाठी नव्हे.

जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे विचलित करायचं नाही, त्रास द्यायचा नाही, खेळाला कमीपणा येईल असं वागायचं नाही. समोरासमोर खेळताना पंच असतात, आजूबाजूला माणसं असतात. नुसतं बसून राहणाऱ्याला चार डोळ्यांची लाज वाटते. नेटवर ती लाज नाही. खोटं नाव, चेहरा दिसत नाही आणि उद्या पुन्हा गाठ पडायची नाही. आळीतल्या चिडक्या बिब्ब्याला दुसऱ्या दिवशी त्याच मुलांसमोर जावं लागायचं. याला रोज नवी आळी मिळते. दुखणं तिथेच आहे.

संकेतस्थळांनी आपल्या परीनं उपाय केलेत. समोरचा खेळ सोडून गेला तर थोडा वेळ थांबून विजय मागता येतो. मुद्दाम घड्याळ पळू देणाऱ्याला लीचेसवर काही काळ खेळबंदी होते. तक्रार करण्याची सोय आहे, गप्पांची चौकट बंद करून ठेवता येते. मुलींच्या आयांनी ही शेवटची गोष्ट तर पहिल्याच दिवशी करावी. पण यंत्राला सगळं कळत नाही. विचारात बुडालेला कोण आणि रुसून बसलेला कोण, हे त्याला एका डावावरून कसं ओळखता येणार?

आणि आपणही लगेच आरोपाचं बोट दाखवू नये. २०२० च्या ऑगस्टमध्ये फिडेचं पहिलं ऑनलाइन ऑलिंपियाड झालं. भारत आणि रशिया अंतिम फेरीत होते. ऐन डावात आपल्या निहाल सरीन आणि नागपूरच्या दिव्या देशमुखचा संपर्क तुटला आणि दोघांचे डाव वेळेवर गेले. भारतानं दाद मागितली आणि शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक विभागून दिलं गेलं. रेंज जाणं, लाइट जाणं हे तर आपल्या गावातलं रोजचंच. तेव्हा समोर शांतता पसरली म्हणजे माणूस खोटाच, असं नाही. पण नेट गेलेल्या माणसाला आपला डाव जाण्याची हळहळ असते. मुद्दाम बसणाऱ्याला समोरच्याचा वेळ गेल्याचा आनंद असतो.

मैत्रिणींनो, हरावं कसं हे मोठ्या खेळाडूंकडे बघून मुलांना दाखवता येतं. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. एकीकडे एकोणीस वर्षांची दिव्या, दुसरीकडे कोनेरू हंपी, एका मुलीची आई, दोनदा जलद बुद्धिबळाची विश्वविजेती. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांत घड्याळाच्या रेट्यात हंपीची चूक झाली आणि दिव्या जिंकली. दिव्याचे अश्रू, आईला मारलेली मिठी आपण सगळ्यांनी पाहिली. मला त्या चित्रातली हंपीही लक्षात राहिली. डाव गेला हे कळल्यावर तिनं तो सोडला, हात मिळवला आणि उठली. आदल्या वर्षी १२ डिसेंबरला सिंगापूरमध्ये डिंग लिरेननं एका चुकीच्या चालीनं विश्वविजेतेपद गमावलं. त्यानंही गुकेशशी हात मिळवला आणि बाहेर येऊन, निकाल योग्यच आहे, अशी कबुली दिली.

राग येऊच नये असं नाही. जून २०२५ मध्ये नॉर्वेत गुकेशकडून हरल्यावर मॅग्नस कार्लसननं टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या पडल्या. पण पुढच्याच क्षणी त्यानं हात मिळवला, क्षमा मागितली, जाताना गुकेशच्या पाठीवर थाप मारली. राग माणसाला येतोच. मात्र त्याची वसुली समोरच्याकडून करायची नसते.

मी कौटुंबिक समुपदेशनाचं थोडं काम करते, म्हणून हा विषय मला खेळापुरता वाटत नाही. पोटगीच्या अर्जात आपल्याला पैसे द्यावेच लागणार, हे अनेक नवऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी ते तारखा घेतात. कधी वकील बदलला, कधी तब्येत बिघडली. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा २००१ च्या दुरुस्तीपासून सांगतोय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही ते आहे. तरी ती बाई मूल कडेवर घेऊन खेपा घालते. जिंकलेला डाव हातात असून वाट बघत राहणं म्हणजे काय, हे तिला विचारा. मोबाइलवर डाव अडवणारा प्रत्येक मुलगा पुढे असा नवरा होतो, असं मी मुळीच म्हणत नाही. पण 'मी हरतोय ना, मग तूही सुखानं जिंकायचं नाहीस' ही वृत्ती दोन्हीकडे एकच आहे. ती सुटायची तर लहानपणीच सुटते.

तेव्हा घरात दोन-तीन साध्या गोष्टी करून बघा. मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर खेळत असेल तर निकालाबरोबर डाव कसा संपला हेही विचारा. 'हरलास? मग सोडलास की बसून राहिलास?' हा प्रश्न चार वेळा कानावर पडला की पुरतो. हरलेला डाव लगेच पुन्हा मांडून कुठे चुकलं ते बघायची सवय लावा. बसून काढलेल्या सहा मिनिटांत काहीच मिळत नाही, या सहा मिनिटांत पुढचा डाव सुधारतो. आणि दर रविवारी खरा लाकडी पट काढून घरातल्या माणसाशी एक तरी डाव होऊ द्या. आजोबांशी, बहिणीशी, स्वतः तुमच्याशीसुद्धा. समोर माणूस बसलेला दिसला की त्याचा वेळ खाताना हात अडखळतो.

ताटकळत बसणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते, रागावून उठू नका, त्याला तेच हवं असतं. शेजारी कागद ठेवा, तो परत आला तर कोणती चाल करील आणि आपण काय करू ते लिहून काढा. डाव संपला की तक्रार नोंदवा. त्यात भांडखोरपणा काही नाही. तुमच्यानंतर त्याच्यासमोर बसणारीही कुणाची तरी मुलगीच असेल, आणि तिच्याही हातात फोन अर्धाच तास असेल.