जप्ती थांबली, घर मात्र गेले: पेण-रोह्याच्या बाजूने एक उलटतपासणी

शालेय इतिहासात एक सोयीचे वाक्य कायमचे मुक्कामाला आले आहे: १८७५ मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला, १८७९ मध्ये इंग्रज सरकारने डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला आणि रयतेची घरेदारे लिलावातून वाचली. यातले सन बरोबर आहेत. ‘वाचली’ हे क्रियापद मात्र पेण-रोह्यात टिकत नाही.

आधी भूगोल पाहावा. तो कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. कुलाबा जिल्ह्यापर्यंत, म्हणजे पेण-रोह्यापर्यंत, तो पोहोचला १९०५ मध्ये, उरलेल्या मुंबई इलाख्याबरोबर. मधली २६ वर्षे जी जप्ती घाटावर रोखली जात होती, तीच घाटाखाली बिनदिक्कत चालू राहिली. कर्जाला सह्याद्री आडवा आला नाही, सवलतीला आला. कारण उघड आहे: दंगा देशावर झाला होता, कोकणात नव्हे. सरकारची करुणा दंग्याच्या नकाशाबरहुकूम चालत होती. (वासुदेव बळवंत फडके घाटाखालच्या शिरढोणचे, पण १८७९ चे त्यांचे बंड उभे राहिले ते घाटावर.)

कायद्याची कलमे मात्र हलकी नव्हती. कर्जरोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता न्यायालयाने व्यवहाराच्या मुळाशी जावे, मुद्दलाहून अधिक व्याज धरू नये, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, आणि खास गहाण दिलेली नसेल तर त्याची स्थावर मिळकत हुकूमनाम्याच्या बजावणीत विकू नये. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याच्या राहत्या घराला जप्तीतून वगळले. मंदीच्या काळात अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने घरांचे लिलाव लांबणीवर टाकणारा कायदा केला तो १९३३ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी हे येथे कागदावर आले होते.

पण ‘खास गहाण दिलेली नसेल तर’ या शब्दांतच ग्यानबाची मेख आहे. साध्या रोख्यावर दिलेले कर्ज जप्तीने वसूल होत नाही म्हटल्यावर शहाणा सावकार आरंभीच गहाणखत मागू लागतो. गहाणाचाही हिशेब न्यायालय तपासते म्हटल्यावर तो थेट खरेदीखत करून घेतो, आणि ‘पैसे फेडलेस की परत करीन’ हे वचन तोंडी ठेवतो. पुढे दुरुस्ती होऊन असे खरेदीखत मुळात गहाण होते हे तोंडी पुराव्याने सिद्ध करण्याची मुभा मिळाली खरी. परंतु साक्षीदार जमवणे, वकील देणे आणि तारखांना हेलपाटे घालणे ज्याला परवडते, त्याचे घर सहसा धोक्यात नसते.

शिवाय कायद्याचा ‘शेतकरी’ म्हणजे प्रामुख्याने शेतीवर जगणारा. पेणच्या मिठागरावरचा मजूर, खाडीतला कोळी, कोळसा पाडणारा कातकरी यांना त्या व्याख्येत जागा मिळेलच असे नव्हते.

लिलाव लांबला तर ऋणकोला श्वास घ्यायला फुरसत मिळते, असे या कायद्याचे कैवारी म्हणतील. मिळते; पण त्या फुरसतीत करायचे काय? खारेपाटात बांध फुटला की खारे पाणी भातखाचरात शिरते, बांध पुन्हा घालायला पैसा लागतो आणि तो त्याच हंगामात लागतो. तो देणार कोण? विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८८० च्या दशकात शेतकी बँकेची योजना पुढे केली होती. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते; लंडनहून नकार आला. याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून फिरलेल्या रानड्यांना निवाड्याने पेरणी होत नाही, हे कोणी शिकवायला नको होते. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीनुसार १९५१-५२ मध्येही देशातील शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता.

आणि कोकणात प्रश्न केवळ कर्जाचा नव्हताच. भिंती कुळाच्या, पण त्यांखालची जागा खोताची किंवा जमीनदाराची. तेथे घर घालवायला हुकूमनामा लागत नाही. मालकाची मर्जी फिरली की पुरे. हे दुखणे जप्तीविरोधी कायद्याच्या नजरेतच आले नाही. ते चव्हाट्यावर आणले ते अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी, १९३३ मध्ये सुरू करून सहा वर्षे चालवलेल्या संपाने. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कुळकायदा, १९४८ चा त्याहून व्यापक कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा हे त्याच वाटेवरचे टप्पे. १९४८ च्या कायद्याच्या कलम १६ ने कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या घराला संरक्षण दिले, १७ ने ती जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्याला दिला, आणि १८ ने हे शेतमजूर व कारागिरांनाही लागू केले. येथे प्रथमच सरकारने लिलावाची तारीख न ढकलता घराखालच्या जमिनीला हात घातला.

१९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारने छोट्या शेतकऱ्यांची, कारागिरांची आणि मजुरांची सावकारी कर्जेच रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो कायदा वैध ठरवला. तरीही रायगडातल्या अनेक कातकरी वाड्या आजतागायत दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर उभ्या आहेत. मुंबई जवळ येत चालली तसा त्या जमिनींचा भाव चढतो आहे, आणि वाडीभोवती कुंपण घालायला आलेल्या माणसाकडे सातबारा असतो, वाडीकडे फक्त कलम १८.